सुट्या मेमरी कार्डांची संगणकावरील स्वयंचलित जोडणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासलेखनातील साधनांचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. मोडी कागदपत्रे, शिलालेख, वंशावळी, जुनी वृत्तपत्रे ही साधने अभ्यासण्यासाठी संशोधक आज डिजिटल कॅमेरा घेऊन जातो आणि परतताना त्याच्याजवळ ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद व २.१ मिलिमीटर जाड असे एक एसडी मेमरी कार्ड असते. मूळ कागद पुन्हा पाहावयास मिळेलच याची खात्री नसते. त्यामुळे काही काळापुरते ते कार्ड हीच त्या साधनाची संशोधकाजवळची एकमेव प्रत ठरते. हे कार्ड संगणकात घालताच पडद्यावर त्याचे चिन्ह उमटावे, ही अपेक्षा आता अंगवळणी पडली आहे. तसे घडले नाही की कार्डच बिघडले असा समज होतो आणि त्या समजापोटी कार्ड 'फॉरमॅट' करण्याच्या सूचनेला कधी कधी होकारही दिला जातो. वस्तुतः अशा अनेक प्रसंगी कार्ड निर्दोष असते. तुटलेली असते ती कार्ड आणि पडदा यांना जोडणाऱ्या साखळीची एखादी कडी.

ही साखळी एका वेळी घडलेली नाही. ती सुमारे पन्नास वर्षांत कडीकडीने वाढत गेली. पूर्वी माणूस स्वतः करीत असलेले एकेक काम यंत्राकडे सोपविले गेले आणि प्रत्येक हस्तांतरणाबरोबर एक नवी कडी निर्माण झाली. म्हणूनच कार्ड दिसत नसल्यास दोष कोठे शोधावा, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. त्याचे उत्तर या व्यवस्थेच्या इतिहासात सापडते. दोषनिवारणाचा योग्य क्रम हा मूलतः ऐतिहासिक क्रम आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. सुटी साठवण-साधने संगणकास जोडण्याच्या पद्धतीत झालेल्या स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
२. जोडणी स्वयंचलित होताना वापरकर्त्याचे कोणते अधिकार व कोणत्या जबाबदाऱ्या यंत्राकडे गेल्या, याचा शोध घेणे.
३. या इतिहासाच्या आधारे दोषनिवारणाचा तर्कशुद्ध क्रम मांडणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. युनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर मुख्य भर दिला आहे. लिनक्सचा आज्ञासंच सर्वांस खुला असल्याने तिच्या प्रत्येक स्थित्यंतराची नोंद उपलब्ध आहे, हे त्याचे कारण होय. मॅकिंटॉश व विंडोज यांचा विचार तुलनेपुरता केला आहे.

१. 'माउंट' संकल्पनेचा उगम :

'माउंट' या शब्दाचा मूळ अर्थ अगदी शारीरिक होता. मोठ्या संगणकांच्या काळात चुंबकीय फितीचे रीळ किंवा चकत्यांचा संच यंत्रावर चढविणे हे ऑपरेटरचे काम असे. बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी घडविलेल्या युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत, म्हणजे नोव्हेंबर १९७१ मध्येच, 'माउंट' ही आज्ञा आढळते. या दोघांनी १९७४ साली 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात ही कल्पना स्पष्ट केली आहे. युनिक्समध्ये सर्व फाईलींचा मिळून एकच वृक्ष असतो. त्याच्या एखाद्या टोकावर दुसऱ्या चकतीवरील संपूर्ण वृक्ष कलम केल्याप्रमाणे बसवावयाचा, यास माउंट असे म्हटले गेले. त्यांच्या संगणकावर सुमारे २.५ मेगाबाइट क्षमतेच्या काढता-घालता येणाऱ्या चकत्या वापरकर्त्यांना अशा रीतीने जोडता येत.

या रचनेत दोन गोष्टी गृहीत होत्या. चकती चढविली आहे हे माणसाला ठाऊक असते आणि ती केव्हा काढावयाची हेही माणूसच ठरवितो, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, युनिक्स लेखनाची माहिती तात्काळ चकतीवर न नेता काही काळ स्मृतीतील बफरमध्ये ठेवीत असे. त्यामुळे चकती काढण्यापूर्वी तसे संगणकास सांगणे अनिवार्य होते. संगणक स्वतः काही ओळखत नव्हता. त्याला सांगावे लागत असे. पुढील सर्व इतिहास हा या 'सांगण्या'चा भार हलका करण्याचा इतिहास आहे.

२. वैयक्तिक संगणकांनी दिलेली दोन उत्तरे :

१९८० च्या दशकात संगणक घरात आणि कार्यालयात आला. तेथे ऑपरेटर हा वेगळा मनुष्य नव्हता. १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमने माउंटची कल्पनाच वगळली. 'ए', 'बी' अशी अक्षरे ड्राइव्हला दिली गेली. आत फ्लॉपी आहे किंवा नाही, हे तिच्यावर काम करण्याचा प्रयत्न केल्यावरच कळे. फ्लॉपी केव्हाही बाहेर ओढण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला मिळाले. त्यासोबत येणारा धोकाही त्याच्याच पदरी पडला.

जानेवारी १९८४ मध्ये आलेल्या ॲपलच्या मॅकिंटॉशने अगदी उलट मार्ग स्वीकारला. त्याच्या फ्लॉपी ड्राइव्हला बाहेर काढण्याचे बटणच नव्हते. फ्लॉपी आत जाताच संगणकास समजे, तिचे चिन्ह पडद्यावर येई आणि ते चिन्ह कचरापेटीकडे ओढले असता यंत्र स्वतः फ्लॉपी बाहेर ढकली. अडचणीच्या वेळी लहानशा छिद्रात कागदाची पिन खुपसून ती काढावी लागे. येथे आगमन व निर्गमन या दोन्ही क्षणांवर यंत्राचे नियंत्रण होते. स्वयंचलित जोडणी निर्धोक ठरण्यासाठी काढणीही यंत्राच्या ताब्यात असावी लागते, हे सूत्र या रचनेत दिसून येते. मेमरी कार्डांच्या युगात नेमके हेच सूत्र विसरले गेले.

३. लिनक्सची पहिली दहा वर्षे :

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभलेल्या लिनक्सने युनिक्सची परंपरा जशीच्या तशी स्वीकारली. फ्लॉपी किंवा सीडी वाचावयाची तर ती आधी माउंट करणे भाग होते आणि तो अधिकार 'रूट' म्हणजे प्रशासकाकडे होता. 'एफएसटॅब' या नोंदवहीत प्रत्येक साधनाची ओळ लिहून ठेवावी लागे. त्या ओळीत 'युजर' हा शब्द असेल तरच सामान्य वापरकर्त्याला ते साधन जोडता येई. फॅट पद्धतीच्या फ्लॉपीवर फाईलीचा मालक कोण, ही नोंदच नसते. त्यामुळे ती प्रशासकाने जोडली की सर्व फाईली प्रशासकाच्या नावे दिसत आणि वापरकर्त्याला त्यांत लिहिता येत नसे. जोडणी झाली तरी लेखन होत नाही, या तक्रारीचे मूळ असे जुने आहे.

मॅन्ड्रेक या लिनक्स वितरणाने 'सुपरमाउंट' नावाच्या योजनेद्वारे हा त्रास कमी करण्याचा प्रयत्न केला. जानेवारी २००४ मध्ये फाईलींच्या मांडणीविषयीच्या प्रमाणकाच्या २.३ या आवृत्तीने सुट्या साधनांसाठी 'मीडिया' ही स्वतंत्र डिरेक्टरी मान्य केली. सुटे साधन हा अपवाद नसून नित्याचा व्यवहार आहे, याची ती औपचारिक दखल होती.

४. मेमरी कार्डांचे आगमन :

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश मेमरीची संकल्पना जगासमोर मांडली. तिच्यातून एका दशकानंतर कार्डांची मालिका निर्माण झाली : १९९४ मध्ये सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ मध्ये तोशिबाचे स्मार्टमीडिया, १९९७ मध्ये मल्टिमीडिया कार्ड, १९९८ मध्ये सोनीची मेमरी स्टिक आणि १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा यांनी संयुक्तपणे जाहीर केलेले एसडी कार्ड. मूळ एसडी कार्डाची मर्यादा २ गिगाबाइट होती. २००६ च्या एसडीएचसी प्रमाणकाने ती ३२ गिगाबाइटपर्यंत आणि २००९ च्या एसडीएक्ससी प्रमाणकाने २ टेराबाइटपर्यंत नेली.

या प्रगतीचा एक परिणाम दुर्लक्षिता येत नाही. कार्डांचा बाह्य आकार तोच राहिला, परंतु अंतर्गत व्यवहाराची पद्धत बदलली. जुन्या कार्ड रीडरमध्ये नवे कार्ड व्यवस्थित बसते, मात्र वाचले जात नाही. तसेच एसडीएक्ससी कार्डांसाठी मायक्रोसॉफ्टची एक्सफॅट ही फाईल सिस्टीम निश्चित करण्यात आली. ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील खुला केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीत तिला प्राथमिक स्थान मिळाले आणि मे २०२० च्या ५.७ आवृत्तीत सॅमसंगने सिद्ध केलेला नवा चालक समाविष्ट झाला. तोपर्यंत अनेक लिनक्स संगणकांवर ६४ गिगाबाइटचे कार्ड 'ओळखले जाते, पण उघडत नाही' अशी स्थिती उद्भवत असे. त्यासाठी वेगळी प्रणाली बसवावी लागे.

५. घटनांची साखळी : २००३ ते २०१२ :

जानेवारी २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीत यूएसबी साधनांचा अंतर्भाव होता. ही साधने एससीएसआय चकत्यांप्रमाणे 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावांनी उमटत. ही नावे येण्याच्या क्रमाने मिळत असल्याने आज एक नाव असलेले कार्ड उद्या दुसऱ्या नावाने दिसे आणि नोंदवहीतील ओळ निरुपयोगी ठरे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००३ साली मांडलेल्या 'यूडेव्ह' या प्रणालीने हा प्रश्न सोडविला. कर्नेलने साधन आल्याची वार्ता द्यावी आणि यूडेव्हने ठरावीक नियमांनुसार त्याचे नाव निश्चित करावे, अशी ही विभागणी होती.

त्याच वर्षी हॅवोक पेनिंग्टन यांनी हार्डवेअर आपोआप चालू व्हावे अशी भूमिका मांडली आणि डेव्हिड झ्यूथेन यांनी 'हॅल' ही मध्यस्थ प्रणाली लिहिली. सप्टेंबर २००४ च्या ग्नोम २.८ या डेस्कटॉपमध्ये तिच्या आधारे सुटी साधने आपोआप जोडली जाऊ लागली. या व्यवस्थेचा व्याप वाढत गेल्याने ती पुढे मोडीत काढण्यात आली. २००९ मध्ये तिच्या जागी आलेली प्रणाली वर्षअखेरीस 'यूडिस्क्स' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि २०१२ मध्ये यूडिस्क्सची दुसरी पिढी आली. २०१२ मध्येच यूडेव्ह 'सिस्टिमडी' या प्रकल्पात विलीन झाले.

या घडामोडींतून निर्माण झालेली श्रमविभागणी आजही कायम आहे. कर्नेल वार्ता देते, यूडेव्ह नाव ठरविते, यूडिस्क्स जोडणीचा अधिकार तपासून ती पार पाडते. पण 'जोडा' असे यूडिस्क्सला सांगावे लागते. ते काम डेस्कटॉपच्या एखाद्या भागाचे असते. हा भाग नसलेला साधा डेस्कटॉप वापरणाऱ्यास कार्ड आपोआप जोडलेले दिसत नाही. तेथे काहीही बिघडलेले नसते. फक्त सांगणारा कोणी नसतो.

६. कार्ड रीडरचा पेच :

यूएसबी पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांत वरकरणी साम्य असले तरी एक मूलभूत भेद आहे. पेनड्राइव्ह घालणे म्हणजे नवे साधन येणे; यूएसबीवर त्याची वार्ता आपोआप उमटते. कार्ड रीडर मात्र आधीपासूनच जोडलेला असतो. त्यात कार्ड घातले तरी यूएसबीच्या दृष्टीने नवे साधन आलेले नसते. दारावरील पहारेकऱ्याने घरात आलेला माणूस नोंदवावा, पण आधीच आत असलेल्या पेटीत काय ठेवले गेले हे त्याला कळू नये, तसा हा प्रकार आहे.

यावर उपाय एकच होता : ठरावीक अंतराने रीडरला 'कार्ड आले का?' असे विचारीत राहणे. हॅल प्रणाली हे काम दर दोन सेकंदांनी करीत असे. मार्च २०११ च्या लिनक्स २.६.३८ आवृत्तीत ही विचारणा कर्नेलमध्येच करण्याची सोय झाली. कर्नेलमध्ये ती मुळात बंद असते आणि यूडेव्हचा एक नियम ती सुरू करतो. हा नियम लागू झाला नाही तर कार्ड आत घालूनही पडदा कोरा राहतो; मात्र रीडर काढून पुन्हा लावला की कार्ड दिसते. ही खूण विचारणेची कडी तुटल्याचे सूचित करते.

दुसरा पेच अनेक खाचांच्या रीडरचा होता. असा रीडर प्रत्येक खाचेला स्वतंत्र क्रमांक देऊन एकाच साधनात अनेक चकत्या असल्याचे सांगतो. जुन्या कर्नेलमध्ये सर्व क्रमांक तपासण्याचा पर्याय निवडलेला नसेल तर पहिली खाच तेवढी चालत असे आणि इतर खाचांतील कार्डे अदृश्य राहत. लॅपटॉपमधील अंगभूत खाचा पुष्कळदा यूएसबीवर नसतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र चालक लागतो आणि तेथील कार्ड 'एमएमसीबीएलके' या वेगळ्या नावाने दिसते. 'एसडीबी' हेच नाव शोधणाऱ्यास ते सापडत नाही.

७. दोषनिवारणाचा ऐतिहासिक क्रम :

वरील विवेचनावरून शोधाचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो. तो सर्वांत जुन्या कडीपासून सर्वांत नव्या कडीकडे जातो.

पहिली पायरी वस्तूची. कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये वाचले जाते का, रीडर त्या क्षमतेच्या कार्डासाठी बनविलेला आहे का, हे पाहावे. एसडी कार्डाच्या कडेवरील सरकती पट्टी खाली असल्यास लेखन होत नाही. ही पट्टी केवळ यांत्रिक असून तिची स्थिती रीडर ओळखतो, कार्ड नव्हे. म्हणून ती एका रीडरमध्ये अडवते आणि दुसऱ्यात अडवीत नाही, असे घडू शकते.

दुसरी पायरी कर्नेलची. कार्ड घालताच कर्नेलच्या नोंदीत नवी ओळ उमटते का आणि चकत्यांच्या यादीत योग्य क्षमतेचे साधन दिसते का, हे तपासावे. ओळच नसेल तर दोष चालकात किंवा विचारणेत आहे. डेस्कटॉपच्या मांडणीत तो शोधणे व्यर्थ होय.

तिसरी पायरी १९७१ च्या आज्ञेची. साधन दिसत असेल तर ते हाताने, शक्यतो केवळ वाचनासाठी, माउंट करून पाहावे. जोडणी झाली तर कार्ड व फाईल सिस्टीम दोन्ही बहुधा ठीक आहेत आणि दोष वरच्या कड्यांत आहे, असे अनुमान काढता येते. झाली नाही तर एक्सफॅटसारख्या फाईल सिस्टीमचा चालक आहे का, हे पाहावे.

चौथी पायरी नोंदवहीची. एफएसटॅबमध्ये त्या साधनाविषयी पूर्वीची एखादी ओळ शिल्लक असेल तर नवी व्यवस्था तिचा मान राखते आणि ती ओळ प्रशासकापुरती मर्यादित असल्यास जोडणी नाकारली जाते. एका युगाचा अवशेष दुसऱ्या युगाच्या कार्यात आडवा येण्याचे हे बोलके उदाहरण आहे.

पाचवी पायरी डेस्कटॉपची. स्वयंचलित जोडणीचा पर्याय चालू आहे का, ती मागणी करणारा भाग कार्यरत आहे का आणि पडदा कुलूपबंद तर नाही ना, हे पाहावे. या पाच पायऱ्या संपेपर्यंत आणि माहितीची प्रत हाती येईपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नये.

८. सुरक्षितता व काढणीचा प्रश्न :

ऑगस्ट १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये सीडी घालताच तीवरील आज्ञावली आपोआप चालू करणारी 'ऑटोरन' सोय आली. सोय आणि संकट यांतील अंतर किती थोडे असते हे २००८ च्या अखेरीस पसरू लागलेल्या कॉनफिकर या उपद्रवी आज्ञावलीने दाखविले. तिच्या एका प्रकाराने प्रसारासाठी याच सोयीचा उपयोग केला. २००९ च्या विंडोज ७ मध्ये यूएसबी साधनांपुरती ही सोय काढण्यात आली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांतही ती बंद करण्यात आली. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्येही पडदा कुलूपबंद असताना नवे साधन जोडले जात नाही. आपोआप जोडणे आणि आपोआप चालविणे यांत भेद केला पाहिजे, हा धडा या अनुभवातून मिळाला.

काढणीच्या बाबतीत मात्र इतिहास मागे फिरला. मॅकिंटॉशच्या फ्लॉपीवर यंत्राचा ताबा होता, सीडी माउंट असताना ड्राइव्हचे दार बंद राहत असे. मेमरी कार्ड मात्र बोटाच्या एका दाबाने बाहेर येते. यंत्राला ते थोपविता येत नाही. लेखन अद्याप बफरमध्ये असताना कार्ड ओढले गेले तर शेवटच्या फाईलीच नव्हे, तर कधी कधी संपूर्ण अनुक्रमणिकाच खंडित होते. २०१८ च्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीत सुट्या साधनांसाठी तत्काळ लेखनाचे धोरण मूलभूत म्हणून स्वीकारले गेले. ही माणसाच्या सवयीपुढे यंत्राने घेतलेली माघार होय. तथापि लेखन चालू असताना ओढलेल्या कार्डाचे रक्षण तेही करू शकत नाही.

निष्कर्ष :

१. सुट्या साधनांच्या जोडणीचा इतिहास हा 'सांगण्या'चे काम माणसाकडून यंत्राकडे जाण्याचा इतिहास आहे. १९७१ मध्ये एका आज्ञेने होणारे कार्य आज कर्नेल, यूडेव्ह, यूडिस्क्स व डेस्कटॉप अशा अनेक कड्यांतून पार पडते.

२. कड्या वाढल्याने सोय वाढली, परंतु दोषाचे स्थान वापरकर्त्याच्या दृष्टीआड गेले. जुन्या वापरकर्त्याला कष्ट अधिक होते, मात्र काय झाले नाही हे त्याला कळत असे.

३. नवी व्यवस्था जुन्या व्यवस्थेवर उभी असल्याने जुनी आज्ञा आजही विश्वासार्ह कसोटी ठरते. दोषनिवारणात इतिहासाचा क्रम पाळल्यास निर्दोष कार्ड पुसले जाण्याचा धोका टळतो.

४. जोडणी स्वयंचलित झाली, काढणी झालेली नाही. तेथे जबाबदारी अद्याप माणसाचीच आहे.

ज्या संशोधकाच्या कार्डावर एखाद्या जीर्ण दप्तराची एकमेव छायाचित्रे आहेत, त्याच्या दृष्टीने हे निष्कर्ष केवळ तांत्रिक नाहीत. साधनांचे जतन हे इतिहासाच्या अभ्यासकाचे आद्य कर्तव्य मानले जाते. ती साधने ज्या माध्यमावर वसतात, त्याचा इतिहास जाणून घेणे हा त्या कर्तव्याचाच एक भाग मानला पाहिजे.